व्हीसी फंडात शिरायचंय, पण ओळख कुणाचीच नाही? मग या क्रमाने जा

व्हीसी म्हणजे व्हेंचर कॅपिटल: नव्या कंपन्यांत पैसे घालून हिस्सा घेणारे फंड. त्यांच्यातल्या जागा पेपरात येत नाहीत, नोकरीच्या साइटवरही क्वचितच दिसतात. जागा निघाली की ती आधी फंडातल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते, आणि त्या ग्रुपवर असतात आयआयटी-आयआयएमचे बॅचमेट, कन्सल्टिंग कंपन्यांतले जुने सहकारी, एखाद्या फाउंडरचा कॉलेजमित्र. मराठी शाळा, तालुक्याच्या गावचं कॉलेज, घरातली पहिली पदवी असलेला मुलगा किंवा मुलगी त्या ग्रुपवर नसते. म्हणून तिला जागा निघाल्याचं कळतच नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. दलित-बहुजन घरांतली मुलं, छोट्या गावांतल्या मुली, आणि ज्यांना 'व्हीसी म्हणजे काय' हे घरी समजावून सांगायलाच अर्धा तास लागतो असे सगळे. मी बीकॉम आहे. फंडाच्या हिशेबाच्या बाजूने आत आले आणि आता मुंबईतल्या एका छोट्या फंडाच्या गुंतवणूक टीममध्ये काम करते. माझं म्हणणं एकच आहे: नुसता बायोडाटा पाठवून इथे काही होत नाही. एखाद्या कंपनीबद्दलचं तुमचं स्वतःचं, आकड्यांनिशी लिहिलेलं मत हातात असेल, तर अनोळखी माणसाचा मेलसुद्धा वाचला जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका कागदाकडे जाणाऱ्या आहेत.

1. आधी फंडाचं गणित समजून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मुलाखतीत तिथेच अडकतात.

व्हीसी फंड स्वतःचे पैसे गुंतवत नाही. विमा कंपन्या, बँका, उद्योगपतींची घराणी, सरकारी संस्था यांच्याकडून तो पैसे गोळा करतो. या लोकांना एलपी म्हणतात आणि फंड चालवणाऱ्यांना जीपी. भारतात हे सगळं सेबीच्या 2012 च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियमावलीखाली चालतं. एका गुंतवणूकदाराने किमान 1 कोटी रुपये घालावे लागतात आणि फंड किमान 20 कोटींचा असावा लागतो. शिवाय फंड चालवणाऱ्याला स्वतःच्या खिशातून फंडाच्या अडीच टक्के किंवा 5 कोटी, यातली जी रक्कम कमी असेल ती घालावी लागते. म्हणजे 200 कोटींचा फंड काढायचा तर 5 कोटी स्वतःचे हवेत. या धंद्यात वरच्या खुर्च्यांवर ठरावीक घरांतलीच माणसं का दिसतात, त्याचं अर्धं उत्तर या एका नियमात आहे.

आता पगार कुठून येतो ते बघा. फंड साधारण 2 टक्के वार्षिक फी घेतो. 200 कोटींवर झाले वर्षाचे 4 कोटी. त्यात ऑफिसचं भाडं, ऑडिट, वकील, प्रवास आणि पार्टनर लोकांचे पगार. उरलेल्यात चार-पाच ज्युनिअर मंडळी बसतात, फार तर. म्हणून जागाच कमी असतात. तुमचा मेल अनुत्तरित राहिला तर दर वेळी तुमच्यात खोट होती असं समजू नका.

नफा झाला तर गुंतवणूकदारांना ठरलेला किमान परतावा दिल्यावर उरलेल्या नफ्यातला साधारण 20 टक्के हिस्सा फंड चालवणाऱ्यांना मिळतो. त्याला कॅरी म्हणतात. फंडाचं आयुष्य आठ-दहा वर्षांचं असतं, त्यामुळे कॅरी हातात पडायला निम्मं करिअर जातं.

तिसरं गणित सगळ्यात महत्त्वाचं. समजा फंडाने एका कंपनीत 10 टक्के हिस्सा घेतला. पुढे कंपनीने आणखी तीन वेळा पैसे उभे केले आणि दर वेळी जुन्या भागधारकांचा हिस्सा पाचव्या भागाने घटला. 10 चे 8, 8 चे 6.4, 6.4 चे 5.12. या 5.12 टक्क्यांतून 200 कोटींचा आख्खा फंड परत मिळवायचा असेल, तर कंपनी विकली जाताना तिची किंमत सुमारे 3,900 कोटी असायला हवी.

हा आकडा कागदावर स्वतः मांडून बघा. मग कळेल की वर्षाला दोन कोटी नफा कमावणारी, उत्तम चाललेली मसाल्याची कंपनी व्हीसीवाले का नाकारतात. धंदा वाईट नसतो, पण या गणितात बसत नाही. मुलाखतीत 'कंपनी चांगली आहे, नफ्यात आहे, म्हणून मी गुंतवेन' असं उत्तर देणारे इथेच गळतात.

2. काम नेमकं कोणतं हवंय ते ठरवा

फंडात सगळेच गुंतवणूक करत नाहीत. गुंतवणूक टीममध्ये ॲनालिस्ट, असोसिएट, प्रिन्सिपल, पार्टनर अशी शिडी असते. बाजूला फंडाचे हिशेब आणि सेबीचं अनुपालन बघणारी माणसं असतात (सीए, सीएस, माझ्यासारखे बीकॉमवाले), कायद्याचं बघणारे असतात, गुंतवणूकदारांशी संपर्क ठेवणारे असतात आणि गुंतवलेल्या कंपन्यांना भरती-विक्रीत मदत करणारी टीम असते. सगळ्यांना वरवर अर्ज करत सुटू नका. एक बाजू पकडा.

3. फंडांची यादी स्वतःच्या हाताने बनवा

तयार 'टॉप 100 व्हीसी' याद्या फिरत असतात. त्यातले निम्मे फंड तुमच्यासारख्या नवख्याला घेण्याच्या अवस्थेत नसतात. त्यापेक्षा असं करा.

सेबीच्या साइटवर नोंदणीकृत एआयएफची यादी फुकट बघता येते. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक सगळं असतं. व्हीसी फंड पहिल्या प्रवर्गात मोडतो हे खरं, पण बरेच जण दुसऱ्या प्रवर्गातही नोंदवतात, त्यामुळे दोन्ही बघा. दुसरी यादी सिडबीची, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी बँकेची. केंद्र सरकारने 2016 मध्ये स्टार्टअपसाठी 10,000 कोटींचा 'फंड ऑफ फंड्स' काढला. सिडबी त्यातून थेट स्टार्टअपला नव्हे, तर व्हीसी फंडांना पैसे देते. त्या यादीत असलेल्या फंडांनी सिडबीच्या रकमेच्या किमान दुप्पट पैसे स्टार्टअपमध्ये घालायचे असतात.

या दोन्हींतून तीसेक नावं काढा आणि एक्सेलमध्ये टाका: फंड केवढा, कधी गोळा केला, कोणत्या क्षेत्रात गुंतवतो, गेल्या वर्षभरातल्या गुंतवणुका, टीममधली माणसं. नुकताच नवा फंड गोळा केलेल्यांच्या नावापुढे खूण करा, कारण भरती तिथेच होते. फंडाच्या सातव्या-आठव्या वर्षी कुणी ॲनालिस्ट घेत नाही. तेव्हा हिस्से विकायची घाई असते.

क्षेत्र निवडताना आपला माल कुठे खपेल ते बघा. शेतीची माहिती असेल तर ओम्निव्होर आणि अंकुर कॅपिटल हे मुंबईचे फंड अभ्यासा. ग्रामीण आणि अल्प उत्पन्न गटाच्या बाजारात काम करायचं असेल तर विनीत राय यांनी उभं केलेलं आविष्कार, हेही मुंबईचंच. ब्लूम व्हेंचर्स दरवर्षी 'इंडस व्हॅली' नावाचा लठ्ठ अहवाल फुकट देतं. त्यात भारतीय ग्राहकांची तीन थरांत विभागणी केलेली असते. तो वाचताना वरच्या थराची पानं भराभर उलटा. तुमचं घर, तुमची गल्ली ज्या थरात आहे तिथे थांबा आणि 'हे आपल्याकडे खरंच असं आहे का?' हे समासात लिहीत जा. पुढे उपयोगी पडेल.

4. फुकट पडलेली कागदपत्रं वाचा

'व्हीसी कोर्स'च्या जाहिराती तुम्हाला दिसू लागल्या असतील. पैसे भरण्याआधी हे वाचून काढा.

शेअर बाजारात येणाऱ्या कंपनीला आधी डीआरएचपी, म्हणजे माहितीपत्रकाचा मसुदा, दाखल करावा लागतो. ते पाचशे पानी बाड बघून घाबरू नका. त्यातलं 'कॅपिटल स्ट्रक्चर' हे प्रकरण उघडा. कंपनी सुरू झाल्यापासून कुणाला, कोणत्या तारखेला, किती शेअर, किती किमतीला दिले याचा तक्ता तिथे असतो. पुण्याची फर्स्टक्राय, म्हणजे कागदोपत्री ब्रेनबीज सोल्युशन्स, 2024 च्या ऑगस्टमध्ये बाजारात आली. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज, जी आयआयटी मुंबईच्या 'साइन' इन्क्युबेटरमधून (नव्या कंपन्यांना सुरुवातीला आधार देणारी संस्था) पुढे आली, ती 2023 च्या जुलैमध्ये. या दोन्हींचे तक्ते एक्सेलमध्ये उतरवा. पहिल्या फेरीतला शेअर केवढ्याला गेला, पुढच्या फेरीत किंमत किती पट झाली, फाउंडरचा हिस्सा कसा घटत गेला, हे एकदा हाताने केलं की 'कॅप टेबल' (कुणाकडे किती हिस्सा याचा तक्ता) या शब्दाची भीती कायमची जाते. तक्ता वाचताना मध्ये बोनस शेअर किंवा शेअरचं विभाजन झालंय का ते बघा, नाहीतर किंमत अचानक कोसळल्यासारखी दिसेल.

बाजारात न आलेल्या कंपन्यांसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाची साइट आहे. 100 रुपये भरून एका कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं काही तास बघता येतात. नवे शेअर वाटल्याचा फॉर्म पीएएस-3, वार्षिक हिशेब एओसी-4. पेपरात '50 कोटी उभारले' अशी बातमी असते आणि पीएएस-3 मध्ये प्रत्यक्षात किती आले ते दिसतं. दोन आकडे नेहमी जुळतातच असं नाही.

नाशिककडच्यांसाठी एक खास अभ्यास: दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स. ही शेतकरी उत्पादक कंपनी. अशा कंपनीत भागधारक फक्त उत्पादकच होऊ शकतात, बाहेरचा फंड नाही. तरीही 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांचे 310 कोटी तिथे आले. ते आले उपकंपनीत. ही रचना कशी केली, शेतकऱ्यांच्या हातात काय राहिलं, गुंतवणूकदार बाहेर कसा पडणार, हे दोन पानांत मांडता आलं तर तुम्ही बऱ्याच एमबीएवाल्यांच्या पुढे आहात.

टर्म शीट म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद. त्यातल्या कलमांपैकी एक तरी पक्कं करा: लिक्विडेशन प्रेफरन्स. फंडाने 4 कोटी घालून 20 टक्के हिस्सा घेतला. कंपनी फसली आणि 6 कोटींना विकली. 20 टक्क्यांनी फंडाला मिळायला हवेत 1 कोटी 20 लाख. पण साधं एकपट प्रेफरन्स असेल तर फंड आधी आपले 4 कोटी उचलतो आणि बाकी सगळ्यांत मिळून 2 कोटी उरतात. हे उदाहरण घरच्यांना समजावून सांगता येईपर्यंत घोटा.

5. मेमो लिहा. सगळा भर इथे

फंडात गुंतवणुकीचा निर्णय आयसीत, म्हणजे गुंतवणूक समितीत होतो. समितीपुढे जो कागद जातो तो मेमो. तुम्ही फंडात नसतानाही मेमो लिहू शकता. दोन लिहा. प्रत्येकी तीन-चार पानं, इंग्रजीत, कारण समिती इंग्रजीत वाचते. विचार मात्र मराठीत करा. मराठीत मुद्दा गुळमुळीत असेल तर इंग्रजीत तो नुसता गुळगुळीत होतो.

कंपनी अशी निवडा जिच्या ग्राहकाला तुम्ही ओळखता आणि पार्टनर ओळखत नाही. क्विक कॉमर्सवर बंगळुरूचा कुणीही लिहील. पण कृषी सेवा केंद्राची उधारी कशी चालते, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला सुताचे पैसे किती दिवसांनी द्यावे लागतात, बचत गटातल्या बायका कर्जाचा हप्ता कोणत्या क्रमाने फेडतात, हे तुम्हाला माहीत असतं. या माहितीला तुम्ही किंमत देत नाही, हीच मोठी अडचण आहे.

समजा शेतकऱ्याला ॲपवरून थेट खत-औषध विकणारी एक कंपनी आहे (आकडे कल्पित आहेत, पद्धत बघा). सरासरी ऑर्डर 2,000 रुपयांची. त्यावर 12 टक्के मार्जिन म्हणजे 240 रुपये. गावात माल पोचवायला 110. परत आलेला माल आणि सवलती 60. कॉल सेंटरचा खर्च 40. हातात राहिले 30. शेतकरी वर्षाला तीन ऑर्डर देतो, म्हणजे 90 रुपये. आणि नवा शेतकरी ॲपवर आणायला कंपनी 450 रुपये खर्च करते. म्हणजे एका शेतकऱ्यावरचा खर्च निघायलाच पाच वर्षं.

इथपर्यंत कुणीही येईल. तुमची भर याच्या पुढे आहे. गावातला दुकानदार शेतकऱ्याला माल उधार देतो आणि पीक निघाल्यावर पैसे घेतो. ॲप रोख मागतं. ऊस गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान भाव) द्यायची असा नियम आहे, पण तुमच्या भागातला कारखाना पैसे कधी देतो आणि तोवर शेतकरी कुणाच्या वहीत असतो? तीन दुकानांत जाऊन बसा. खताच्या गोणीवर काय सुटतं आणि औषधाच्या बाटलीवर काय, उधारी किती दिवसांची, किती बुडते, ॲपमुळे गिऱ्हाईक तुटलं का, हे विचारा. दुकानदाराचं नाव लिहू नका, आकडे लिहा. 'ज्या मालावर मार्जिन आहे तो शेतकरी उधार घेतो, आणि ज्यावर नाही तो ॲपवरून मागवतो' असं काही हाती लागलं, तर तो तुमच्या मेमोचा कणा. या वाक्यासाठी फंड कन्सल्टंटला पैसे मोजतात.

मेमोत हे यायलाच हवं: पैसे कोण देतो, एका ऑर्डरमागे काय उरतं, स्पर्धक कोण (गावचा दुकानदारही स्पर्धकच), कंपनी खूप मोठी व्हायची तर कोणत्या दोन-तीन गोष्टी खऱ्या ठराव्या लागतील, आणि पैसे बुडतील ते कशामुळे. शेवटी निर्णय द्या: गुंतवेन किंवा नाही. 'कंपनीत क्षमता आहे, मात्र आव्हानंही आहेत' असल्या वाक्याला फंडात काडीची किंमत नाही.

एक सावधगिरी. सध्याच्या नोकरीत हाती आलेली माहिती किंवा एखाद्या फाउंडरने विश्वासाने पाठवलेला डेक (कंपनीचं सादरीकरण) मेमोत वापरायचा नाही. तसलं काही दिसलं तर समोरचा एवढंच म्हणेल, उद्या ही आमचाही डेक बाहेर देईल.

6. बाजूचे दरवाजे जास्त उघडे असतात

थेट ॲनालिस्टची जागा मिळेलच असं नाही. आत येण्याचे इतर रस्ते:

*इन्क्युबेटर.* स्टार्टअप इंडियाच्या 2021 च्या बीज निधी योजनेत इन्क्युबेटरांमार्फत स्टार्टअपला 20 लाखांपर्यंत अनुदान आणि परिवर्तनीय कर्जरोखे वगैरेंच्या रूपाने 50 लाखांपर्यंत पैसे देण्याची सोय ठेवली होती. इन्क्युबेटरमध्ये काम केलं की अर्ज छाननी, सादरीकरण, निवड समिती हे सगळं जवळून दिसतं. पुण्यात एनसीएलचं व्हेंचर सेंटर आणि सीओईपीची भाऊ इन्स्टिट्यूट, छत्रपती संभाजीनगरात 'मॅजिक', गोव्यात फातोर्ड्याला डॉन बॉस्कोचं 'फायर' आणि वेर्ण्याला 'सिबा'. मुंबईला जायच्या आधी हे घराजवळचे पत्ते बघा.

*फाउंडरचं ऑफिस.* फंडाचा पैसा असलेल्या स्टार्टअपमध्ये फाउंडरच्या हाताखाली काम करा. दर महिन्याला फंडाला जाणारा अहवाल बनवायची जबाबदारी मागून घ्या. फंडातली माणसं तुम्हाला नावाने ओळखू लागतात. आणि फाउंडरने 'हिला घ्या' म्हटलं तर त्या शिफारशीला आयआयएमच्या शिक्क्याइतकंच वजन असतं.

*फंडाचे हिशेब.* मी याच वाटेने आले. फंड ॲडमिनिस्ट्रेशन करणाऱ्या कंपन्या बीकॉम आणि इंटर-सीए मुलांना घेतात. काम कंटाळवाणं असतं, पण गुंतवणूकदारांकडून पैसे कसे बोलावतात, कॅरी कशी मोजतात हे तिथे शिकता येतं. धोका असा की या बाजूला बसलेल्याला गुंतवणूक टीम 'अकाउंट्सवाली' म्हणून बाजूला ठेवते. म्हणून पहिल्या दिवसापासून मेमो लिहिणं चालू ठेवायचं.

*व्हेंचर डेट (स्टार्टअपना कर्ज देणारे फंड) आणि बँकांचे स्टार्टअप विभाग.* क्रेडिटचा अनुभव असलेल्यांना इथे पटकन जागा मिळते.

परीक्षा द्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. एनआयएसएमच्या (सेबीची प्रशिक्षण संस्था, पाताळगंगेला, रायगड जिल्ह्यात यांचा कॅम्पस आहे) एकोणिसाव्या मालिकेत एआयएफच्या परीक्षा आहेत. फंडाच्या मुख्य गुंतवणूक टीममधल्या किमान एकाकडे त्यांचं प्रमाणपत्र असावं असा सेबीचा नियम आहे. छोट्या फंडाला असा माणूस आयता मिळाला तर बरंच वाटतं. मात्र नुसत्या प्रमाणपत्रावर कुणी बोलावत नाही.

7. मेल कुणाला आणि कसा

पार्टनरला नाही. असोसिएट किंवा प्रिन्सिपलला. त्यांच्या डोक्यावर कामाचा ढीग असतो आणि मदतीची गरज त्यांनाच असते. मेल इंग्रजीत जाईल, मजकूर साधारण असा:

'तुमच्या फंडाने अमुक कंपनीत गुंतवणूक केली आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या तीन कृषी सेवा केंद्रांत जाऊन त्यांच्या उधारीचे आकडे घेतले. त्यावरून मला वाटतं की कंपनीचा खरा अडथळा डिलिव्हरी नसून उधारी आहे. तीन पानी मेमो जोडला आहे. तो कुठे चुकतो हे सांगायला पंधरा मिनिटं मिळतील का?'

बस. 'मला लहानपणापासून गुंतवणुकीची आवड आहे' नको. गरिबीची कहाणी नको. ती खरी असेल, पण ऐकणारा हळहळतो आणि पुढचा मेल उघडतो. तुमचं गाव ही तुमची बाजारपेठेची माहिती आहे, तशीच ती मांडा.

आठवड्याने एकदा आठवण करा. तिसऱ्यांदा नको. पंधरा मिनिटं मिळाली तर नोकरी मागू नका. मेमोवर बोला आणि शेवटी 'आणखी कुणाशी बोलू?' एवढंच विचारा. बहुतेक जण एक नाव देतात. हे सगळं नोकरी सांभाळून करा. सहज वर्ष जातं.

8. मुलाखतीची तयारी

तीन प्रश्न जवळजवळ ठरलेले. कोणत्या कंपनीत गुंतवशील? आमची कोणती गुंतवणूक तुला चुकीची वाटते? आमच्या पाइपलाइनमधली (सध्या विचारात असलेली) ही कंपनी घे आणि दोन दिवसांत मत दे. दुसऱ्या प्रश्नाला 'सगळ्याच छान आहेत' म्हणणारा तिथेच बाद होतो. एक नाव घ्या, कारण सांगा, आणि माझं मत कशाने बदलेल तेही सांगा.

इंग्रजीबद्दल. उच्चार बदलायच्या भानगडीत पडू नका. वेग कमी करा आणि आकडे स्पष्ट बोला. कोटी-लाखात विचार करून मिलियनमध्ये बोलताना गडबड होते: 1 कोटी म्हणजे 10 मिलियन, 100 कोटी म्हणजे 1 बिलियन. हे झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे. मेमो मोबाइलवर मोठ्याने बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. लाज वाटते, पण सुधारणा होते.

'मूळचे कुठले?', 'पूर्ण नाव काय?', 'लग्नाचा काय विचार?' हे प्रश्न अजूनही येतात, कधी गप्पांच्या ओघात. गावाचं नाव सांगून लगेच त्या गावच्या बाजाराकडे वळा. लग्नाच्या प्रश्नाला 'या कामाशी त्याचा संबंध काय?' असं हसून विचारायला हरकत नाही. समोरचा तरीही चिवटपणे खोदत राहिला तर त्या फंडात रोजचे दिवस कसे जातील याचा अंदाज तुम्हाला आलाच. आणि हो, या क्षेत्रातल्या निम्म्या ओळखी संध्याकाळच्या पार्ट्यांत होतात. हातात लिंबू सोडा घेऊन उभं राहिलं तरी चालतं, कुणी बघत नाही. दृष्टिबाधित उमेदवारांनी मुलाखतीसाठी मिळणाऱ्या डेकची मूळ फाइल आधीच मागावी. पीडीएफमध्ये पानं बऱ्याचदा चित्र म्हणून येतात आणि स्क्रीन रीडर ती वाचत नाही.

9. इथे फसतात

नोंदणी फी, ट्रेनिंग फी, 'इंटर्नशिपची हमी' असं काहीही मागणारा फंड नसतो. फंड पैसे देतो, उमेदवाराकडून घेत नाही. नाव सेबीच्या यादीत नसेल तर तिथेच थांबा.

'स्काउट हो (म्हणजे आमच्यासाठी कंपन्या शोध), डील आण, कमिशन देऊ' असं तोंडी सांगणारे पुष्कळ. लेखी काही नसेल तर डील जाते आणि कमिशन येत नाही. बिनपगारी इंटर्नशिप तर घर मुंबईत असलेल्यांनाच परवडते. किमान राहण्या-जाण्याचा खर्च मागा.

सामाजिक न्याय मंत्रालयाचा अनुसूचित जातींसाठीचा व्हेंचर कॅपिटल फंड (आयएफसीआय व्हेंचर चालवतं) आणि आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन, या योजना उद्योजकांसाठी आहेत. त्यांतून फंडात नोकरी मिळत नाही. मात्र या योजनांतून पैसे मिळालेल्या कंपन्या तुमच्या मेमोचा विषय होऊ शकतात, आणि डिक्कीच्या (दलित उद्योजकांची संघटना) कार्यक्रमांत असे उद्योजक भेटतात. मिलिंद कांबळे यांनी 2005 मध्ये पुण्यातच डिक्की सुरू केली.

10. हे जवळ ठेवा

- एका पानाचा बायोडाटा. दहावीचे टक्के काढून टाका, मेमोची लिंक टाका.
- दोन मेमो आणि एका क्षेत्राचा नकाशा: कंपन्या, किती पैसे उभारले, कुणी दिले.
- स्वतः उतरवलेले दोन कॅप टेबल, सूत्रांसकट एक्सेलमध्ये.
- फंडांची यादी आणि कुणाला कधी मेल केला याची नोंद.
- सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, पॅन, पीएफचा यूएएन, आधीच्या नोकऱ्यांची रिलीव्हिंग लेटर.
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत. पॅनवर एक नाव आणि पदवीवर दुसरं असेल तर पार्श्वभूमी तपासणी हमखास अडते.
- नव्या शहरात खोलीचं डिपॉझिट आणि दोन-तीन महिन्यांचा खर्च. पहिला पगार हातात पडेपर्यंत त्यावरच भागवायचं असतं.

11. ऑफर आली तर

सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. कॅरी आहे का, असेल तर कोणत्या फंडातली आणि किती वर्षांत पक्की होते? आयसीच्या बैठकीत बसायला मिळेल का, बोलायला नाही मिळालं तरी? स्वतःच्या पैशाने शेअर घेण्यावर काय बंधनं आहेत? आणि हा फंड पुरता गुंतवून झाल्यावर पुढचा कधी गोळा करणार?

कॅरीबद्दल 'ते नंतर बघू, आपण घरचीच माणसं' असं उत्तर आलं तर त्याच संध्याकाळी नम्र मेल टाका: आज असं बोलणं झालं, माझी समज बरोबर आहे ना? उत्तर 'हो' आलं तर तो मेल जपून ठेवा. उत्तरच आलं नाही तर कॅरी शून्य धरून पगाराचा आकडा बोला.